ठिपका गेला तर असावी म्हणून बसवलेली माशी

मी माशी बोलतेय. हाकलायला हात उचलू नका, मी उडणाऱ्यातली नाही. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला जो बारीक पोलादी उंचवटा असतो, ज्याच्यावर नजर ठेवून नेम धरतात, त्याला मराठीत माशी म्हणतात. ती मी. माझी एक जोडीदारीण मागच्या टोकाला बसते. तिला चौकोनी खाच आहे. त्या खाचेतून मी बरोबर मधोमध दिसले की नेम धरला असं समजायचं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या असाच नेम धरत आली.

मग लाल ठिपका आला. पिस्तुलाच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी बसवतात. मागच्या खोबणीतून उजेडाचा किरण काचेवर पडतो आणि नेमबाजाला काचेत लाल ठिपका तरंगताना दिसतो. ठिपका लक्ष्यावर ठेवा, चाप ओढा, झालं काम. सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. माझं भांडण ठिपक्याशी नाहीच. माझं भांडण माणसांशी आहे. त्यांनी मला बॅकअप म्हणून विकत घेतलं आणि बॅकअप म्हणजे बसवून विसरून जायची वस्तू, असा अर्थ परस्पर लावून टाकला.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. यंत्राने कातलं, काळं केलं, जोडीदारणीबरोबर प्लास्टिकच्या पुडीत घातलं. समुद्र ओलांडून न्यूझीलंडमधल्या एका बंदुकीच्या दुकानात खुंटीला लटकले. शेजारच्या खुंटीवर अंधारात चमकणाऱ्या जोड्या होत्या. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्यावर हात ठेवायचं. दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटच्या उजेडात उभं राहून विचारायचं, ‘ह्या रात्री चमकतात ना?’

माझी मालकीण अनुया. पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. ह्या देशात आल्यापासून तिचं सगळं नवऱ्याच्या नोकरीच्या आणि मुलीच्या शाळेच्या मागून चाललं होतं. एकदा एक सहकारीण तिला पिस्तूल क्लबवर घेऊन गेली आणि बाई तिथेच अडकल्या. इथे पिस्तूल म्हणजे कमरेला लावून हिंडायची चीज नाही. परवाना काढा, क्लबचे सभासद व्हा, महिनोन्‌महिने हजेरी लावा, तेव्हा कुठे ते हातात पडतं. मग घरी तिजोरीत, क्लबात रेंजवर, मधे कुठेही नाही. एवढं सगळं तिने न कुरकुरता केलं, कारण ही पहिली गोष्ट होती जी फक्त तिची होती.

वसंतात वेलिंग्टनला क्लबाक्लबांचा सामना व्हायचा होता. तिच्या क्लबच्या संघात एकच जागा उरली होती. त्या जागेसाठी ती झुरत होती. हेही सांगते, की तिची तेवढी लायकी होती.

आता आमची निवड कशी झाली ते ऐका. ठिपक्याची बॅटरी गेली, काचेवर पाणी आलं तर हाताशी काहीतरी असावं, म्हणून तिला आमच्यासारखी जोडी हवी होती. साधी गोष्ट. पण घरात धैर्यशील होता. धैर्यशील म्हणजे नवरा. कॉम्प्युटरमधला. उभ्या जन्मात त्याने एक गोळी झाडलेली नाही. त्यामुळे व्हिडिओ बघून मत बनवायला तो अगदी मोकळा होता.

“अगं, हे बघ. ट्रिटियमवाले. अंधारात आपोआप चमकतात. रिव्ह्यू एकदम टॉप.”

“अंधारात मी कुठे मारणारे, धैर्या? पाचला क्लबचं गेट बंद होतं.”

“तरी असावं ना. इमर्जन्सीला.”

“कसली इमर्जन्सी? पुठ्ठ्याचं टार्गेट अंगावर धावून येणारे?”

“बरं, मग हे. लो प्रोफाइल. काय क्लीन लुक आहे!”

“अरे, एवढे बुटके सगळे ठिपक्याच्या डबीआड जाणार. खिडकीतून दिसलेच नाहीत तर काय उपयोग?”

“दिसायला तर मस्त आहेत.”

असं पूर्ण हिवाळाभर चाललं. जेवताना चाललं, भांडी डिशवॉशरमध्ये लावताना चाललं. शेवटी तिने क्लबवर ग्रॅहमला विचारलं. ग्रॅहम तिथला जुना रेंज ऑफिसर, म्हणजे सामन्यात नेमबाजाच्या पाठीशी उभा राहून आज्ञा देणारा माणूस. तो म्हणाला, “उंच घे, खिडकीच्या तळाशी जेमतेम दिसतील एवढ्या. मागची साधी काळी, पुढची बारीक. आणि जास्त डोकं चालवू नकोस, मेट.” मी उंच, मी बारीक, माझी जोडीदारीण काळीकुट्ट. आमची पुडी खुंटीवरून उतरली.

म्हणजे निवड बरोबर झाली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर निवडीवर फोडलं गेलं.

गराजमध्ये अनुयाने आम्हाला बसवलं. छोटी हातोडी, नायलॉनचा ठोकणा, हलके हलके टोले. धैर्यशील फोनचा टॉर्च धरून उभा.

“मागची मधोमध आलीय का रे?”

“आलीय. परफेक्ट.”

परफेक्ट कसली! माझी जोडीदारीण केसभर डावीकडे राहिली होती. केसभर म्हणजे डोळ्याला काहीच नाही, पण लांबच्या लक्ष्यावर तोच केस वीतभर होतो. आता ह्यात गुन्हा कुणाचाच नव्हता. डोळ्याने कधीच अचूक बसत नाही. म्हणूनच रीत अशी आहे, की एक दुपार रेंजवर जायचं, ठिपका बंद करायचा, कागदावर थोड्या गोळ्या मारायच्या, कुठे लागतात बघायचं आणि मागचीला त्या हिशेबाने सरकवायचं. याला ते झिरो करणं म्हणतात.

ग्रॅहम दर वेळी विचारायचा, “साइट्स झिरो केल्यास का?” साइट्स म्हणजे आम्ही दोघी.

“नेक्स्ट वीक, ग्रॅहम!”

पुढच्या आठवड्यात पुन्हा नेक्स्ट वीक. आणि ही कोण बाई? औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय जी गोळी कुणाच्या हातावर ठेवत नाही, ती! मी तिच्या डोळ्यांसमोर उभी असायचे आणि ती माझ्या डोक्यावरून ठिपक्याकडे बघायची. त्याच गराजात भूकंपासाठी म्हणून भरलेली एक पेटी आहे. तिच्यातल्या टॉर्चचे सेल फुटून पांढरे पडलेत आणि राजम्याचे डबे फुगलेत. पेटी आहे ना, मग झालं. माणसांना संकटाची तयारी करायची नसते, तयारी केल्याचं समाधान हवं असतं.

आणि मग दसरा आला.

धैर्यशीलचे वडील, मोरेश्वरराव, कोल्हापूरहून मुक्कामाला आले होते. त्यांनी पाट मांडला. लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, विळी नाही म्हणून किचनमधली मोठी सुरी, अनुयाची औषधाच्या गोळ्या मोजायची ताटली, सगळं ओळीने ठेवलं. मग म्हणाले, “सूनबाई, घरात खरंखुरं शस्त्र आहे आणि दसऱ्याला ते तिजोरीत? बरं दिसतं का?”

“बाबा, ह्या देशात ते तिजोरीतच बरं दिसतं.”

“पूजेपुरतं काढ गं. आमच्याकडे पिढीजात तलवार पुजायचे.”

“तुमच्याकडे तलवार होती?”

“शेजाऱ्यांकडे होती. आम्ही जायचो.”

हसत हसत तिने पडदे ओढले, पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची खात्री केली, पाटावर ठेवलं. मोरेश्वररावांनी ओल्या कुंकवात अनामिका बुडवली.

“बाबा, काचेला नको हं!”

“काचेला कशाला लावीन? कळतं मला.” आणि त्यांनी अगदी जपून, काच वाचवून, काचेच्या मागच्या खोबणीत बोट टेकवलं. “इथे आडोशाला लावलं. कुणाला दिसायचंसुद्धा नाही.”

त्याच खोबणीतून किरण निघतो! माझा जीव वरखाली झाला. मला कंठ असता तर मी त्या दिवशी हॉल डोक्यावर घेतला असता. पण फूल वाहिलं गेलं, अक्षता पडल्या, नमस्कार झाला. अनुयाने काच बघितली, स्वच्छ होती. कापडात गुंडाळून आम्ही परत तिजोरीत. आत कुंकू वाळत बसलं.

शनिवारी निवडीचा सामना होता. डोंगरावरच्या पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या, टार्गेटचे पुठ्ठे फडफडत होते. पहिलीच फेरी सगळ्यांत मोठी, आणि तीत लांबवर लहान लहान लोखंडी तबकड्या. ग्रॅहमने तयार व्हायची आज्ञा दिली. अनुयाने पिस्तूल उचललं, खिडकीतून बघितलं आणि थिजली. ठिपक्याच्या जागी चिरडलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा डाग पसरला होता. कुठे ठेवायचा तो लक्ष्यावर?

ग्रॅहमने विचारलं, “ऑल गुड, अनुया?”

त्या क्षणी खरं सांगितलं असतं, तर त्याने तिला मागे जाऊन बघून ये म्हटलं असतं. पण रांगेतले सगळे बघत होते. ती म्हणाली, “येस, स्वीट ॲज!” म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास.

स्वीट कसलं, कपाळ!

मागून कठड्यापलीकडून धैर्यशील ओरडला, “बॅकअप! अनू, बॅकअप वापर!” ग्रॅहमने त्याच्याकडे नुसतं बघितलं. पठ्ठ्या दोन पावलं मागे.

टायमरचा बीप झाला. आणि त्या बाईने, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, डागाच्या खाली शोधत शोधत माझ्याकडे बघितलं. खाचेतून मला बरोबर मधोमध आणलं, श्वास धरला, चाप ओढला. जवळचे पुठ्ठे कसेबसे लागले, डाव्या कडेला. मग तबकड्या आल्या. पहिली उभीच राहिली. तिने पुन्हा मारलं. उभीच. पुन्हा. मागच्या मातीच्या बांधावर डावीकडे धूळ उडत होती आणि तबकडी जागची हलत नव्हती.

तिचा नेम चुकला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. हात स्थिर होता, मी मधोमध होते. मधोमधच चुकीच्या जागी होता. आणि तो तिथे आहे हे शोधायला रेंजवरची एक दुपार पुरली असती.

फेरी संपल्यावर तिला खोबणीतलं कुंकू सापडलं. कापसाच्या काडीने ते निघालं. उरलेल्या फेऱ्या ती ठिपक्यावर उत्तम खेळली, पण पहिल्या फेरीत गेलेलं भरून निघालं नाही. संघातली जागा केटी नावाच्या एका शिक्षिकेला मिळाली. अनुयाने तिला मिठी मारली, “हीप्स ऑफ लक” म्हणाली आणि गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी मोरेश्वरराव दारातच उभे. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळे झालं गं, पोरी.”

“बाबा, कशाला पण ते कुंकू!” धैर्यशील चिडला. “आणि अनू, ह्या साइट्सही भंगार निघाल्या. मी तेव्हाच म्हटलं होतं, ट्रिटियम घे. आजच ऑर्डर टाकतो.”

बघा! एक दुपार कुणाला द्यायची नाही, पण पार्सल मागवायला माणूस एका पायावर तयार. दोष कुणाचा, तर कुंकवाचा आणि आमचा.

अनुया सोफ्यावर बसून बूट काढत होती. हातातला बूट तसाच धरून म्हणाली, “बाबांना बोलू नकोस. कुंकू पुसलं की गेलं. नेम डावीकडे जातोय हे मला आज, तिथे उभी असताना कळलं. ते आधी कळून घेणं माझं काम होतं. तुझं नाही, बाबांचं तर नाहीच.”

“मग नवीन जोडी?”

“तुला हौस असेल तर घे. उशाशी ठेव. चमकेल रात्रभर.”

मोरेश्वरराव फसकन हसले आणि मग डोळे पुसायला लागले.

वेलिंग्टनच्या सामन्याच्या शनिवारी क्लब ओस पडला होता. सगळे संघाबरोबर गेलेले. कुलूप उघडायला एकटा ग्रॅहम. अनुयाने पिस्तूल काढलं, काचेच्या खिडकीवर आपल्या बाजूने काळी टेप चिकटवली आणि ठिपका झाकून टाकला. आता तिला आमच्याशिवाय काही नव्हतं. टेपच्या कडेखालून तिने माझ्यावर नजर ठेवली आणि सावकाश गोळ्या झाडल्या. सगळी भोकं जवळजवळ पडली, एकाच झुबक्यात, डावीकडे.

“हात चांगला आहे तुझा,” ग्रॅहम म्हणाला. त्याने स्क्रूचा एक लहान शिकंजा आणला आणि माझ्या जोडीदारणीला उजवीकडे सरकवलं. केसभरच.

तिने पुन्हा मारलं. काळ्या वर्तुळाच्या बरोबर मधे.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच.”

खिशातला फोन वाजला. वेलिंग्टनहून फोटो आला होता. संघ रांगेत उभा, केटी मधे, हसरी. अनुयाने तो बराच वेळ बघितला. मग फोन उलटा करून टेबलावर ठेवला, कानांवरचे मफ पुन्हा चढवले आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी गेट बंद होईपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.

आता मी तिजोरीत आहे, अंधारात. टेप निघाली, ठिपका पुन्हा मानाच्या जागी आला. येऊ दे. तो चांगला आहे, मी दुसरी आहे, मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असणारच. वेळ पडली तर असावं म्हणून आणलेलं, आणल्यापासून हात न लावलेलं. त्याची पूजा केली नाहीत तरी चालेल. दुसरं, ह्याहून भारी, मागवू तर मुळीच नका. पण गरज नसताना, हातात वेळ असताना, एकदा ते वापरून बघा. गरज पडते तेव्हा आमची ओळख करून घ्यायला तुमच्याकडे एक श्वाससुद्धा उरलेला नसतो.