फळीखालच्या पायऱ्या

रविवारी सकाळी अप्पांनी दाराशी लावलेली चाकाची खुर्ची पाहिली आणि मान हलवली. "आज... नको," म्हणाले, आणि काठी टेकवत उठून उभे राहिले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून त्यांनी लोकांना वर-खाली पोचवलं आणि गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला तेव्हा स्वतःच उजव्या अंगाने लुळे पडले. पाय हळूहळू परत आला, हात थोडाफार आला, शब्द मात्र अजून तोंडाशी येऊन रेंगाळतात. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंची आम्हाला सक्त ताकीद आहे: त्यांचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, थांबायचं. बाईंचं काय जातंय सांगायला! मी टेलिफोनच्या तक्रार विभागात बसते. दिवसभर लोकांची अर्धी वाक्यं पुरी करायचाच मला पगार मिळतो. घरी येऊन तोंडात मिठाची गुळणी धरायची म्हणजे जिवावर येतं.

"चालत जायचं?" मी विचारलं.

"चालत... आत." मग त्यांनी काठी नीट पुढे टेकवली. "नाही जमलं... तर परत तिथे... जायचं नाही. कधीच."

आत म्हणजे कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या हॉटेलात. सासूबाई असल्यापासून त्यांचा रविवार तिथेच सुरू होतो. माझा नवरा रविवारी कामावर असतो, म्हणून त्यांना न्यायचं काम माझ्याकडे. झटक्यानंतर अप्पांची बाहेर जायची ही एकच जागा उरली होती. तीही सुटली तर मग खिडकी आणि टीव्ही. एकदा नाही म्हटलं की अप्पांचं नाही ते नाहीच, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.

हॉटेलातली माणसं चांगली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. दाराला दोन पायऱ्या आहेत. मी कोपऱ्यावर वळले की वाढणारी ताई काचेतून आम्हाला बघते, गल्ल्यामागची लाकडी फळी आणून पायऱ्यांवर टाकते आणि दाराजवळच्या टेबलाची एक खुर्ची काढून आत नेऊन ठेवते, म्हणजे चाकाची खुर्ची सरळ टेबलाला लागते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमची तक्रार होती ती खाण्याबद्दल. माझं ऑम्लेट पूर्वीसारखंच यायचं, कडा कुरकुरीत, वर मिरपूड. अप्पांचं मात्र पांढरंफटक, मऊ लिबलिबीत आणि अळणी, आणि तेही बारीक तुकडे करून. "आचाऱ्याचा हात... गेला," असं अप्पा दर रविवारी म्हणायचे. मी मनात म्हणायची, आचाऱ्याचा नाही हो, तुमची चव गेली. मग एकदा त्यांच्या ताटलीतला तुकडा खाऊन पाहिला, तर खरंच अळणी. एकाच भटारखान्यातून, एकाच माणसाच्या हातून दोन तऱ्हा कशा येतात? मी आचाऱ्याला चांगलं सुनावलं. तो नुसता मान डोलावून हसला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी डोकं लावायचं सोडून दिलं आणि माझ्या ताटलीतली मिरपूड त्यांना देऊ लागले.

तर त्या रविवारी आम्ही चालत निघालो. रस्ता एवढासा, पण तीनदा थांबलो. कोपऱ्यावर वळलो तोवर फळी पडलेली होती आणि ताई दारात उभी होती. ती आमच्या मागे बघत राहिली.

"वहिनी, खुर्ची मागून येतेय का?"

"नाही. आज चालत."

"अरे वा," ती म्हणाली, आणि फळीच्या बाजूला सरून जागा करून दिली. मीही अप्पांचं कोपर धरलं. फळी म्हणजे तर सोपंच की, मला वाटलं. अप्पा मात्र फळीसमोर खांबासारखे उभे.

"ही... काढ," ते म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं फळी ओली आहे. तिने खांद्यावरच्या फडक्याने ती पुसली. अप्पांनी मान हलवली. तिला वाटलं हलतेय. तिने खाली पुठ्ठा सारला आणि स्वतः वर उभी राहून दाखवली. अप्पांची मान जोरात हलली. मागे न्याहारीला आलेली माणसं खोळंबली. वर्तमानपत्र काखेत धरलेले एक गृहस्थ म्हणाले, "काकांना बहुतेक भीती वाटतेय. आपण दोघं उचलून नेऊ या का?"

अप्पांच्या मानेची शीर ताठ झाली. मला त्या गृहस्थांचा राग आला, ताईचा आला, आणि खरं सांगायचं तर अप्पांचा सगळ्यांत जास्त आला. चालत यायचं म्हणाले, आलो. आत जायचं म्हणाले, वाट समोर आहे. आता हे काय नवीन? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी माझी गत. जिभेवर दहा वाक्यं तयार होती आणि त्यातलं त्यांचं कुठलं हेच मला कळत नव्हतं.

मग अप्पांनी काठीने फळीवर दोनदा ठोकलं. डावा पाय उचलला आणि हवेतच, जरा उंचावर, ठेवल्यासारखा केला.

तेव्हा मला तो खोका आठवला. नवऱ्याने गेल्या महिन्यात लाकडाचा दोन टप्प्यांचा खोका ठोकून अप्पांच्या पलंगाला लावून ठेवला होता. कशाला, विचारलं तर म्हणाला, असू दे. झाडताना रोज माझी करंगळी त्याच्यावर आपटायची आणि मी बाप-लेकांच्या नावाने बोटं मोडायची. मोजायची टेप घेऊन तो एका संध्याकाळी कुठे गेला होता तेही आता कळलं. मी कामावर गेले की दोघांचा सराव चालायचा, आणि मला सुगावा लागू दिला नव्हता. अप्पा पायऱ्या शिकले होते. याच. आणि त्या फळीखाली होत्या.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. थांबले.

"मला..." अप्पांच्या कपाळावर घाम आला होता. "मला... पायऱ्या द्या."

ताईने फळी उचलून भिंतीला लावली. अप्पांनी काठी वर ठेवली, डावा पाय ठेवला, उजवा ओढून घेतला. थोडे थांबले. पुन्हा काठी, डावा, उजवा. आणि आत. माझे डोळे भरून आले आणि मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

आमच्या टेबलापाशी पोचलो तर अप्पांच्या बाजूला खुर्चीच नाही. ताईने सवयीप्रमाणे ती केव्हाच आत नेली होती. आता चाकाची खुर्ची नाही आणि लाकडाचीही नाही, आणि अप्पांचे पाय लटपटायला लागलेले. ताईने कपाळावर हात मारला आणि आत पळाली. त्या वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी तोवर शेजारच्या टेबलाची खुर्ची पुढे सरकवली.

अप्पा टेकले न टेकले तोच ऑम्लेट आलं. पांढरंफटक, बारीक तुकडे. अप्पांनी ताटली बाजूला सारली आणि भटारखान्याच्या दाराकडे पाहिलं. आचारी हात पुसत बाहेर आला.

"हे... असं का?"

आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काका, माझ्या आईला असाच झटका आला होता. घास अडकला तिच्या घशात." त्याने हात पुन्हा पुसले. "म्हणून तुमचं मऊ करतो, तुकडे करून. आणि मीठ तर डॉक्टर बंदच करतात ना?"

"मी नाही... सांगितलं."

"नाही. तुम्ही नाही सांगितलं."

मी वर्षभर या माणसाला मनात शिव्या घातल्या होत्या. अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग निघाला, पण त्याच्या जागी काय आणावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"आख्खं... आण," शेवटी म्हणाले.

आख्खं आलं. कडा कुरकुरीत, वर मिरपूड. आचारी पाण्याचा ग्लास हातात धरून तिथेच उभा राहिला. अप्पांनी काट्याने तुकडा तोडला आणि सावकाश चावून गिळला. सगळं संपेपर्यंत आचाऱ्याने ग्लास खाली ठेवला नाही.

निघताना अप्पा दारात उभे राहिले आणि खाली बघून थबकले.

"तुझा नवरा गाढव आहे," ते म्हणाले. झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं सलग वाक्य. "उतरायचं... शिकवलंच नाही."

मला हसावं की रडावं कळेना. खोका पलंगाला लावलेला. चढले की अप्पा गादीवर बसायचे. उतरायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ताई फळीला हात लावून उभी. टाकावी तर मघाचं आठवत होतं, आणि न टाकावी तर माणूस दारात अडकलेला. नेहमीसारखी ती माझ्याकडे वळली. काकांना चहा देऊ का, काकांना गार होतंय का, वर्षभर तिने सगळं मलाच विचारलं होतं आणि मीही उत्तरं देत आले होते. या खेपेला मी रस्त्याकडे बघत राहिले.

"काका," ती म्हणाली, "टाकू का?"

अप्पांनी वेळ घेतला.

"टाक," म्हणाले. "आणि... हात दे."

तिचा हात धरून ते फळीवरून पावलापावलाने उतरले. खाली आल्यावर तिचा हात सोडायच्या आधी तिच्याकडे वळले. "पुढच्या रविवारी..."

शब्द अडकला. पायऱ्या म्हणणार असतील, मला वाटलं. किंवा खुर्ची. ताईलाही काहीतरी वाटत असणार, कारण तिचे ओठ हलले. आम्ही दोघी थांबलो.

"मीठ," अप्पा म्हणाले. "जरा... जास्त."