या घरातली बाई

त्या माणसाने फ्रीज उघडला आणि...

ही सवय आजच सोडा, नाहीतर!

शेवटचे पाच सेकंद एकट्याने बघू नका.

सख्ख्या भावानेच असं केलं?

या घरातली बाई दार का उघडत नाही?

ही टायटलं सगळी एकाच हातची. व्हिडिओ चॅनलच्या ऑफिसात तिला टायटलबाई म्हणत. तिथली रीतच उलटी: आधी टोपी शिवायची, मग तिच्या मापाचं डोकं शोधायचं. टायटल आणि चित्र नुसतंच टाकून बघायचं; लोकांनी क्लिक केलं, तरच त्याखाली व्हिडिओ बनवायचा. शेवटच्या टायटलसाठी चित्रवाल्याला घराचा फोटो हवा होता, तोही लगेच. टायटलबाईच्या फोनमध्ये मावशीचं घर होतं. तेच दिलं. चित्रवाल्याने त्यातलं आकाश काळं केलं आणि खिडकीच्या पडद्याभोवती लाल गोल काढला.

"गोलात काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. म्हणून तर लोक बघतील."

टायटल धो धो चाललं. मग व्हिडिओ बनला: त्याच फोटोवरून सावकाश सरकणारा कॅमेरा, खर्जातला आवाज आणि शेवटी, 'तुम्हाला काय वाटतं?' लोकांना पुष्कळ काही वाटलं. कुणाला तर पडदा हललेला दिसला. फोटोतला पडदा! टायटलबाई पोट धरून हसली.

मग कुणीतरी घर शोधून काढलं.

"अगं, बाहेर माणसं उभी आहेत," मावशी फोनवर म्हणाली. "सारखं दार ठोठावतात. उघडलं की तोंड पाडून म्हणतात, 'अरेरे, उघडलंत की हो तुम्ही!' उघडू नको तर काय करू?"

"मग नकोच उघडूस. कंटाळून जातील."

मावशीने भाचीचं ऐकलं आणि गर्दी दुप्पट झाली. आता तर ती बाई खरंच दार उघडत नव्हती. पुढे ती फोनही उचलेना.

"उतरव तो व्हिडिओ," टायटलबाई चित्रवाल्याला म्हणाली. "माझी मावशी आहे ती."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर?"

"टायटल आणखी भारी झालं असतं."

ती तडक मावशीकडे गेली. भर दुपारचं लख्ख ऊन. घरासमोर माणसंच माणसं, पण चकार शब्द नाही. सगळ्यांचे फोन दाराकडे वळलेले.

"मावशी, मी आलेय गं."

आतून खर्जातला आवाज येत होता. व्हिडिओ चालू होता. तो बंद झाला. पावलं दाराशी आली.

"हळू बोल," मावशी कुजबुजली. "तिला ऐकू जाईल."

"कुणाला?"

"पडद्यामागच्या बाईला. सगळ्यांना दिसते, मलाच मेलीला दिसत नव्हती. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, तेव्हा दिसली."

"तिथं कुणी नाहीये. ते सगळं मी लिहिलंय, मावशी. मी! दार उघड."

"मी केव्हाच उघडलं असतं गं. ती उघडू देत नाही."

कडी अर्धी वर सरकली आणि पुन्हा खाली पडली. मागे सगळ्या गर्दीने एकदम श्वास घेतला. टायटलबाईने दाराला खांदा लावला. जुनीच कडी, एका धक्क्यात निघाली असती. तेवढ्यात तिची नजर खिडकीकडे गेली.

पडदा हलला.

मावशी तर दाराशी होती. तिचा श्वास फटीतून ऐकू येत होता.

"आहेस ना गं?" मावशीने विचारलं.

टायटलबाईने खांदा काढून घेतला. ती एक पायरी उतरली, मग दुसरी. गर्दीतल्या एकाने सरकून तिला जागा करून दिली. त्याच्या शेजारी ती उभी राहिली आणि तिने पर्समधून फोन काढून दाराकडे वळवला.

मावशीने गेल्याच वर्षी दाराला मोठ्या आवाजाची बेल बसवून घेतली होती, कधी कुणी भेटायला आलं तर स्वयंपाकघरातही कळावं म्हणून.