बिनखांबाचं विहार

बाभुळगावाकडच्या त्या खेड्यात चावडीला चार खांब होते, आणि बाबारावच्या बापाची अख्खी हयात मागच्या खांबापलीकडे उभं राहण्यात गेली. पुढं यायचं नाही म्हणजे नाही. म्हणून छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या वस्तीनं विहार बांधायचं काढलं, तेव्हा बाबारावनं एकच हेका धरला, "मंधात खांब नोको. एक बी नोको. इथं कोनाच्या आड कोनी बसनार नाही."

आता एवढी रुंद जागा, वर टिनाचं छप्पर आणि खाली आधार नाही, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी कैच्या दोन्ही भिंतींना बाहेर रेटणारच. गोविंदा गवंड्यानं तोड काढली. वणीकडच्या कोळसाखाणीवर त्याचा साडू होता. तिथून त्यानं पोलादी तारांचा पीळदार दोर आणला, अंगठ्याएवढा जाड. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो तीन ठिकाणी ताणला आणि बाहेरून लोखंडी पाट्यांनी आवळला. भिंतींनी एकमेकींचे हात धरून ठेवावेत तसं काम. पाटलाच्या घरातही एवढी मोकळी बैठक नव्हती! बाबाराव तर नुसता फुगून गेला.

फक्त दोर काळाकुट्ट, ग्रीसनं बरबटलेला. गोविंदा म्हणाला, असू दे, त्याच्यानंच तो टिकतो. पण ऐकेल तो बाबाराव कसला! "सारं विहार पांढरं, अन् डोस्क्यावर हे काळं कायले?" त्यानं रॉकेल घेऊन दोर घासून घासून पुसला. मग दर वैशाखी पौर्णिमेआधी बाया भिंतींना चुना देत, तसा दोरालाही देत. चुना झडू नये म्हणून त्यात मूठभर मीठ टाकायची आपल्याकडची रीतच आहे. भिंतीला मीठ मानवतं, पोलादाला ते आतून खातं. पण वरून सगळं दुधासारखं पांढरं, कोणाला काय दिसणार?

दिसलं ते बाबारावच्या बायकोला, रुखमाबाईला. चौसष्टच्या उन्हाळ्यात त्यांच्या प्रभावतीचं लग्न विहारातच ठरलं होतं. आदल्या दिवशी चुना देताना मधल्या दोराची तुटकी तार तिच्या बोटात घुसली. खरवडून पाहिलं तर चुन्याखाली तांबडा भुगा. ती तशीच गोविंदाला घेऊन घरी आली.

"बाबाराव, उद्याच्यापुरता मंधात टेकू देऊ," गोविंदा म्हणाला. "माह्याकडं सागाचा वासा हाय. लगन झालं का काढून टाकू."

"माह्या पोरीच्या लग्नात खांब? पाव्हणे काय म्हनतीन?"

"पाव्हणे गेले मसनात!" रुखमाबाई कडाडली. "माही पोरगी त्याच्याखाली बसनार हाय!"

"माहा बाप जिंदगीभर खांबाआड राह्यला, तसाच मेला. मी जिता हाय तवर इथं खांब लागनार नाही."

बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गोविंदा वासा न काढताच घरी गेला, रुखमाबाई उरलेला चुना द्यायला. माणसाच्या असल्या दुखण्यावर बोट ठेवायला जीव धजत नाही. पण त्या दिवशी ठेवायला हवं होतं, मग तो काही का म्हणेना.

दुसऱ्या दिवशी नवरदेव धर्मपाल आणि प्रभावती पांढऱ्या कपड्यांत मूर्तीसमोर बसले. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. बाहेर वावटळ उठली आणि टिनं धडधडू लागली. मधला दोर तुटला तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. बाकीचे दोन दोरही धरेनात. भिंती बाहेर कलल्या आणि कैच्या टिनांसकट खाली आल्या.

बाबाराव अंगणात पाव्हण्यांना पाणी देत होता, म्हणून वाचला. आत चार माणसं दगावली. त्यात धर्मपाल होता. प्रभावतीला गोविंदानं कैचीखालून ओढून काढलं, पाय मोडलेला, पण जिवंत.

वस्तीनं बाबारावला एका शब्दानं बोल लावला नाही. "तुह्या जागी आमीबी नाहीच म्हनलं असतं," असं जो तो सांगे, आणि ते ऐकलं की तो ताटावरून उठे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं बापा! रुखमाबाई ताट पुढं सरकवायची आणि तोंड फिरवायची.

प्रभावती मात्र बोलली. खाटेवर पडल्या पडल्या, आवाज न चढवता.

"बाबा, तुमी मले इचारलं काहून नाही? म्या खांबाआड बसून लगन केलं असतं."