सातव्या पानावरचे चित्र

"हे चित्र कोणी काढलं?"

बाईंनी पुस्तिका सातव्या पानावर उघडून भाच्यापुढे ठेवली आणि त्या उभ्याच राहिल्या. भाचा या इंग्रजीच्या वर्गांचा संचालक होता. बाईंनीच लहानाचा मोठा केलेला, आणि या खुर्चीवर त्यांच्याच शब्दाखातर बसलेला.

"चित्रकारानं. बस ना मावशी. चार वाजता कार्यक्रमाला पाहुणे येतायत. विद्यार्थ्यांच्या चुका जरा गंमत म्हणून छापल्यात. लोक हसतील, हसता हसता शिकतील."

चित्रात दोन वेण्यांची एक मुलगी इस्पितळाच्या छतावर पाय सोडून बसली होती. खाली ओळ होती : ‘माय डॉटर इज ऑन द हॉस्पिटल.’

"पुढची ओळ का गाळलीस?"

"कुठली पुढची?"

"नवव्या दिवशी ‘शी इज नो’, म्हणजे मुलगी गेली, असं चिठ्ठीत पुढे लिहिलेलं आहे. त्याचं चित्र नाही काढून घेतलंस?"

भाच्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ढिगानं चिठ्ठ्या होत्या, मावशी. मी वरवर चाळल्या. आणि नाव कुठं छापलंय कुणाचं?"

"नाव नव्हतं म्हणूनच तुझा हात धजावला."

बाईंच्या वर्गाचा एक दंडक होता. शंका तोंडी विचारायची नाही. चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. शिवाय वाक्य स्वतःच्या जगण्यातले हवे. पुस्तकातून उचललेले वाक्य बाई उत्तराविना परत करीत. मोटारीत बसलो तर ‘इन’ आणि बसमध्ये बसलो तर ‘ऑन’, असे का? सकाळी, रविवारी, मध्यरात्री, या तिघांना तीन निराळे शब्द कशाला, आपला एक प्रत्यय जन्मभर पुरतो की! असे विचारता विचारता माणसे सासूचा जाच, गेलेली नोकरी, नवऱ्याचे दुखणे लिहून जात. बाई मागल्या बाजूस हिरव्या शाईने उत्तर लिहीत, ते वहीत उतरवून घेतले की चिठ्ठी पुन्हा डब्यात. एकतीस वर्षांत असे चार डबे भरले होते. कपाटाला रंग द्यायचा म्हणून ते चारही त्यांनी या भाच्याच्या हवाली केले होते. ‘नीट ठेव,’ एवढेच म्हणाल्या होत्या. वाचू नकोस, हे घरच्या माणसाला सांगावे लागेल असे त्यांना वाटले नव्हते. आता त्याच्याइतकाच त्यांना स्वतःचाही संताप येत होता.

आज सकाळी त्यांच्या टेबलावर ही पुस्तिका कुणीतरी उघडी ठेवून गेले होते. तिच्याखाली वर्गाचे एक ओळखपत्र होते, परत केलेले. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या विद्यार्थिनीचे. सोमवारी तिची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. त्यात उतरली तर ती धुलाईघराची प्रमुख होणार होती. दोन वर्षांत तिने एक तास चुकवला नव्हता.

बाई सभागृहात गेल्या आणि प्रत्येक खुर्चीवरची पुस्तिका उचलू लागल्या.

"मावशी, लोक बघतायत," भाचा मागून कुजबुजला.

"बघू देत. तू त्या रांगेपासून उचल. आणि चार वाजता पाहुण्यांना काय सांगायचं, ते तुझं तू ठरव. खोटं सांगितलंस तर मी उठून उभी राहीन."

तो निमूटपणे वाकला.

धुलाईघरात वाफ कोंदली होती. लांब टेबलापाशी ती चादरींच्या घड्या घालत होती. बाईंना पाहूनही तिचे हात थांबले नाहीत.

"सगळ्या पुस्तिका काढून घेतल्यात," बाई म्हणाल्या. "आणि ही तुझी चिठ्ठी. तुझी तुझ्यापाशी ठेव."

तिने ओले हात पुसून चिठ्ठी घेतली. "चित्र बाकी बरं काढलंय, बाई. माझ्या पोरीच्याही दोन वेण्या असायच्या. चित्रकाराला बिचाऱ्याला कुठं माहीत."

"त्याची बाजू घेऊ नकोस. सोमवारी परीक्षेला जाणार आहेस ना?"

तिने चिठ्ठी उलटली. मागे हिरव्या शाईत दोन दुरुस्त्या होत्या. ‘ऑन नव्हे, इन.’ आणि त्याखाली, ‘नो नव्हे, नो मोर.’ आणखी काही नव्हते.

"मी मुलगी गेल्याचं लिहिलं," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही वाक्य नीट करून दिलंत. घरी जाऊन मी वहीत चार वेळा वाचलं. म्हटलं, पुढं काहीतरी असेल."

बाईंनी चिठ्ठीवरची आपलीच हिरवी अक्षरे पुन्हा वाचली.

"चुकलं माझं," त्या अखेर म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून घरातही कुणी ऐकले नव्हते.

"हसला नाहीत, एवढं मात्र खरं." तिने चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि ढिगातली पुढची चादर ओढली. बाईंनी न विचारता दुसरे टोक धरले. दोघींनी चादर ताणली, जवळ आणली, दुमडली.

"अशी नाही, बाई. कोपऱ्याला कोपरा भिडला पाहिजे. पुन्हा घाला."

बाईंनी घडी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.