दादाचा होकार

थोरल्या भावाने तीन वर्षांत आपल्याला एका शब्दाचं उत्तर दिलेलं नाही, आणि यामागे वहिनीच आहे, याबद्दल व्हर्नाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बहीण-भावाने समोरासमोर बोलायचं नाही, हा तर आमच्या या किनाऱ्यावरच्या आदिवासी गावात पिढ्यान्‌पिढ्यांचा नेमच. वयात आलं की बहिणीने भावाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. काही सांगायचं झालं तर पाठ करून उभं राहायचं आणि समोरच्या झाडाला सांगितल्यासारखं सांगायचं. भाऊ मागून उत्तर देतो. यात दुरावा नसतो, मान असतो. पण व्हर्ना झाडाला सांगायची आणि जणू झाडच ऐकून घ्यायचं. बाकी गावाशी दादाचं, म्हणजे क्लेमंटचं, उत्तम चाललेलं. दुकानापाशी थट्टामस्करी करायचा, पोरांना दम भरायचा, शिवीला शिवी परत करायचा. मुका होता तो फक्त बहिणीपुरता.

कारण तिला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी आईची छाती भरली. तिला विमानाने शहराच्या दवाखान्यात न्यायचं, तर थोरल्या मुलाचा होकार हवा. व्हर्नाने वहिनीकडून विचारून घेतलं. रोझिना आत गेली, बाहेर आली, म्हणाली, "हो म्हणालाय, ने." आई विमानाने गेली आणि पेटीतून परत आली. तेव्हापासून दादाची वाचा बसली. तो हो म्हणालाच नव्हता. ही बया आत गेली, चहाचं आधण ठेवलं आणि स्वतःच्या मनाने हो सांगून मोकळी झाली. हा निकाल व्हर्नाने कधीच देऊन टाकला होता. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती नवऱ्यापाशी वहिनीबद्दल म्हणायची.

आणि आता पुन्हा तेच विमान. व्हर्ना गावच्या दवाखान्यात कानाचं काम करायची. कुणाच्या पोराचा कान फुटलाय, कुणाला थेंब घालायचे, कुणाच्या पडद्याला भोक पडलंय, हे तिला तोंडपाठ. तिची स्वतःची शिर्लीन सात वर्षांची, दोन्ही पडदे फाटलेले. वर्गात बाईंचं निम्मंअर्धं ऐकू यायचं, म्हणून पोर भिंतीकडे बघत बसायची आणि बाई तिला हट्टी म्हणायच्या. शहरात पडदा शिवायची पाळी आली होती गुरुवारी. ही चुकली तर वर्ष गेलं. भाचीला न्यायचं तरी थोरल्या मामाचा होकार लागतो; पण या खेपेला व्हर्नाला तो दादाच्या तोंडून हवा होता. त्याशिवाय ती लेकीला त्या विमानात बसवणार नव्हती.

सोमवारी कानतपासणीची पांढरी गाडी गावात आली. क्लेमंट होडी घेऊन खाडीत पसार. दर वेळी गाडी आली की याला मासे आठवायचे. आणि थोरला माणूस येत नाही म्हटल्यावर त्याच्या शब्दावर चालणारी घरंही तपासणीला येत नव्हती. आपल्या कामात दादा मुद्दाम खोडा घालतोय, याचीही व्हर्नाने मनात नोंद केली.

ती तडक वहिनीच्या दारात गेली. रोझिना ओट्यावर खेकडे फोडत होती.

"वहिनी, दादाला विचारलंस?"

"विचारलं की. हो म्हणतोय."

"कधी विचारलंस? तो तर पहाटेच होडीवर गेला."

"काल रात्री."

"काल रात्री तुमचा टीव्ही कोकलत होता. खाडीपलीकडे ऐकू जाईल इतका. त्यात तू विचारलंस आणि त्याने ऐकलं?"

रोझिनाचा हात थांबला. "दुसऱ्याच्या टीव्हीवर लक्ष ठेवायचा पगार मिळतो का गं तुला?"

"मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

"का? माझ्या तोंडाला काय झालंय?"

"तुझ्या तोंडाला कधी काही होतच नाही, तेच तर दुखणं आहे."

रोझिनाने खेकड्याची नांगी अशी काही मोडली की जणू ती व्हर्नाचीच मान असावी. पण नजर चुकवली, आणि ते व्हर्नाने बरोबर टिपलं. चोराच्या मनात चांदणं!

बुधवारी संध्याकाळी क्लेमंट चिंचेखाली बसून, मान खाली घालून नवं वल्हं तासत होता. शेजारी रोझिना. ही बाई हल्ली त्याला चिकटूनच असायची. कुणी बोलायला आलं की त्याच्या गुडघ्याजवळ तिची बोटं सारखी हलायची. हातांनी बोलणं गावात सगळ्यांनाच येतं, पण हिचं म्हणजे नवऱ्याला चावी दिल्यासारखं, असं व्हर्नाला वाटायचं. ती रीतीप्रमाणे पाठ करून उभी राहिली.

"दादा, उद्या शिर्लीनचं विमान आहे. नेऊ का?"

मागे पात्याचा आवाज: खर्र, खर्र.

"दादा, कानाचं आहे. पोरीचं शिक्षण जाईल. हो म्हण, नाही म्हण, पण तू म्हण."

खर्र, खर्र.

"व्हर्ना, जा ना आता," रोझिना कुजबुजली. "मी सांगते त्याला नंतर."

मग मात्र व्हर्नाचं डोकं फिरलं. तीन वर्षांचा राग, पोरीची काळजी, सगळं एकदम उसळलं. या माणसाला बोलता येत नसेल तर निदान त्याला दुखवता तरी येईल! आणि जे या गावात शत्रूही करत नाही ते तिने केलं. मेलेल्या आईचं नाव मोठ्याने उच्चारलं.

ते नाव इथे सांगता येणार नाही. आमच्यात गेलेल्याचं नाव कुणी घेत नाही; ज्या जित्या माणसाचं तेच नाव असेल त्यालाही दुसऱ्या नावाने हाक मारतात.

रोझिनाच्या हातातला कप खाली पडला. समोर खेळणारी पोरं जागच्या जागी उभी राहिली. शेजारच्या म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. सगळी चिंचेखालची जागा गप्प झाली आणि त्या शांततेत एकच आवाज चालू राहिला: खर्र, खर्र. त्याची लय चुकली नाही, पातं अडखळलं नाही.

व्हर्ना कान देऊन ऐकू लागली. रागावलेला माणूस असा तासत राहत नाही. कुठलाच ऐकणारा माणूस असा तासत राहत नाही.

"वहिनी," ती झाडालाच म्हणाली, "कधीपासून?"

रोझिना तिच्या कानाशी येऊन रडायलाच लागली. "लहानपणापासून कान फुटायचे त्याचे, तुला माहीत नाही? हळूहळू गेलं सगळं. तोंड बघून समजतं त्याला. नाही समजलं तर मी बोटांनी सांगते. पण तू आलीस की रीतीने नजर खाली घालतो, मग माझी बोटंही दिसत नाहीत त्याला. गावच्या विधींत गाणी म्हणणारा मुख्य माणूस तो. बहिरा झालाय कळलं तर लोक काय म्हणतील, याची लाज वाटते त्याला. मला शपथ घातलीय."

गावभर पोरांच्या कानात बॅटरी मारत हिंडणारी व्हर्ना! सख्खा भाऊ पाठीमागे बहिरा होत गेला आणि हिला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळी दुनिया त्याच्या तोंडासमोर उभी राहून बोलत होती; पाठ करून बोलणारी ती एकटीच. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते नाव घेतलं मी. त्याला सांगशील?"

"वेडी आहेस? एकदा तरी त्याच्या बहिरेपणाचा फायदा होऊ दे."

गुरुवारी भल्या सकाळी क्लेमंट पांढऱ्या गाडीकडे आला. परक्या गोऱ्या डॉक्टरीणबाईसमोर बसायला तो तयार नव्हता; पण जिने आपल्याकडे बघायचंच नाही त्या बहिणीपुढे लाज कसली, असं रोझिनाने त्याला पटवलं होतं. गाडीतल्या खोलीची रचनाही अशी की ऐकणाऱ्याने मधल्या काचेकडे पाठ करून बसायचं, म्हणजे तपासणाऱ्याची बोटं दिसत नाहीत. रीत आणि काम एकाच खुर्चीत बसलं. त्याच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, इकडे व्हर्नासमोर दिवा लागतो.

तिने बारीक आवाज सोडला. दिवा नाही. वाढवला. नाही. आणखी वाढवला, इतका की पोरं या आवाजाला कान झाकतात. दिवा लागला. तीन वर्षांनी दादाने तिला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं. तिचे डोळे भरून आले, पण तिने तपासणी पुरी केली.

मग डॉक्टरीणबाईंना विचारून तिने माइक जवळ ओढला, आवाज पार वर नेला.

"दादा, शिर्लीनला आज नेऊ का? हो असेल तर दाब."

दिवा लागला.

पण संशय हा जुना भाडेकरू, एका दिवसात घर सोडत नाही. हा नुसत्या आवाजालाच दाबत असला तर?

"दादा, तुझी नवी होडी माझ्या नवऱ्याला देऊ का?"

दिवा लागला नाही. आतून मात्र अख्खी गाडी हादरेल असा आवाज आला, "होडीला हात लावून तर दाखव म्हणावं त्या आळशाला!"

व्हर्ना हसली. आता एकच प्रश्न उरला होता. तो विचारायला तिचा जीव धजत नव्हता. नाही आलं तर उरलेला जन्म त्या नाहीबरोबर काढावा लागणार होता. बाहेर विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीने भोंगा दिला.

"दादा," ती म्हणाली, "आईला मी नेलं, तेव्हा तू हो म्हणाला होतास?"

दिवा लागला नाही. ती बघत राहिली. आतून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

मग दिवा लागला. आवाज संपला तरी, पुढचं काही विचारलं नाही तरी लागलेलाच राहिला. क्लेमंट बटणावरून अंगठा उचलायला तयार नव्हता. शेवटी तिलाच म्हणावं लागलं, "कळलं दादा. सोड आता, शिर्लीन थांबलीय."