जागा वाढवा

डिस्क भरली की उरलेली ध्वनिमुद्रणं माझ्या बायकोत जातात. आमच्या नभोवाणी केंद्राच्या बॅकअपची ही सोय मीच केली आहे. इतर ठिकाणी अशा वेळी दुसरी डिस्क जोडतात. आमच्याकडे हेमलता आहे. ती माझ्या शेजारच्याच टेबलामागे, भिंतीला टेकून बसते आणि तिच्यात भरपूर मावतं. डिस्कवर जागा झाली की सगळं परत घ्यायचं, एवढंच काम. आजवर एक शब्द सांडू दिलेला नाही मी!

त्या दुपारी मात्र आवक जास्त झाली. हेमलताने डबा उघडला आणि तिच्या तोंडून शेळ्यांच्या लसीकरणावरचं भाषण सुरू झालं. मग कीर्तन. मग कांद्याचे भाव.

"अगं, भाजी कशी झालीय?" मी विचारलं.

"श्रोतेहो, आपल्या पत्राबद्दल आभार," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून ती मला 'अहो' म्हणते. नवं मावेनासं झालं की यंत्रणा आधी जुनं पुसते, आणि तिच्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे ती स्वतः.

पण हातपाय गाळेन तो मी कसला! आमची यंत्रणा मराठीत सांगितलेलं ऐकते. अस्सल, घरंदाज मराठी शिकवलंय मी तिला. संध्याकाळी 'बंद कर' म्हटलं तर रुसते. 'दुकान वाढव' म्हटलं की मुकाट बंद होते. मी रुबाबात टाइप केलं, "हेमलताची जागा वाढव."

"वाढवते," पडद्यावर उमटलं.

टेबल भिंतीकडे सरकू लागलं. हेमलताच्या तोंडातून कीर्तन, कांदे, शेळ्या भराभर बाहेर पडून फरशीवर पसरल्या. तिने डोळे मिटून उघडले.

"अहो, मीठ जरा जास्तच पडलंय."

मला इतका आनंद झाला की टेबलाकडे लक्षच गेलं नाही. ते सरकतच होतं. मी घाईघाईने "थांब" लिहिलं.

"अर्धवट वाढवू नये. अपशकुन होतो," उत्तर आलं.

"अहो, मला इथे कोंदतंय."

"घाबरू नकोस. हात दे."

फटीत आता जेमतेम मनगट मावत होतं. मी ते घट्ट धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. तिची बांगडी माझ्या मुठीत वाढली.