पट्टा चालू, प्रेस चालू

क्रस्त्योनं ओग्न्यानची मान मागून धरली आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या वेळी कीबोर्डच्या कडेवर दात तुटला. ओग्न्यान थुंकला तेव्हा रक्तातून पांढरा तुकडा टेबलावर पडला.

"माझं नाव का लिहिलंस? बोल की, इंजिनियर! सकाळी लिहिताना हात नाही का अडखळला?"

समोरच्या स्क्रीनवर ओग्न्याननं सकाळी टाइप केलेला अहवाल उघडाच होता. शेवटची ओळ होती: 'ऑपरेटर क्रस्त्यो व्लाइकोव याची चूक.' खाली फक्त सही राहिली होती.

पेर्निक शहरातल्या त्या कारखान्यात पत्रा दाबून लोखंडी दरवाजे बनत. क्रस्त्यो काचेच्या केबिनमध्ये संगणकावर बसून यंत्रं चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ पेन्को खाली प्रेसपाशी उभा असायचा. काल दुपारी पत्रा अडकला. क्रस्त्योनं स्क्रीनवर दुरुस्तीची खिडकी उघडून प्रेस वर घेतला, खिडकी बंद केली. पेन्कोनं पत्रा सोडवायला हात आत घातला. हात दिसला की प्रेस रोखणारा सेन्सर महिनाभर बिघडलेला होता. क्रस्त्योनं फक्त मालवाहू पट्टा सुरू केला. आणि प्रेस खाली आला.

पेन्कोची किंकाळी वरच्या मजल्यावर ओग्न्यानपर्यंत आली होती. तो धावत खाली पोचला तोवर ती थांबली होती. प्रेस वर उचलला तेव्हा मनगटाच्या पुढे हात म्हणावा असं काही उरलं नव्हतं.

क्रस्त्योनं त्याला खुर्चीसकट मागे ओढलं. खुर्ची उलटली. ओग्न्यान जमिनीवर पडला, आणि बुटाची पहिली लाथ बरगडीत बसली.

"नोंदीत तेच आहे," तो कसाबसा म्हणाला. "दुपारी दोन बेचाळीस. पट्टा चालू, प्रेस चालू. दोन्ही तुझ्या नावावर."

"मी पट्टा चालू केला! नुसता पट्टा!"

दुसरी लाथ. काहीतरी आत कडकन मोडलं. ओग्न्याननं गुडघे पोटाशी घेतले आणि तोंड मिटलं.

तो प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. प्रेस, पट्टा, दुरुस्ती अशी तीन मॉड्यूलं, आणि तिन्हींत 'चालू' असं बटण. तेच काम तीनदा कशाला लिहायचं म्हणून त्यानं एकच हँडलर, म्हणजे बटणामागचा कोड, लिहून तिन्हींना वाटून दिला होता. बटण दाबलं की तो जागा व्हायचा आणि त्याच्याशी जोडलेल्या यंत्राला हुकूम सोडायचा. दुरुस्तीची खिडकी बंद झाली की तिची प्रेसशी असलेली जोडणी सोडवायला हवी होती. ती ओळ राहून गेली होती. खिडकी दिसेनाशी व्हायची, जोडणी मात्र तशीच राहायची. मग पट्ट्याला दिलेला हुकूम प्रेसलाही जायचा, आणि नोंद व्हायची बटण दाबणाऱ्याच्या नावानं.

काल संध्याकाळी सातच्या आत ओग्न्यानला हे सापडलं होतं. सकाळी मालकाला सांगितलं, तेव्हा मालक दार लावून म्हणाला होता, "नोंदीत नाव आहे ना? मग तेवढंच लिही. प्रोग्राम चुकला म्हटलं की कारखाना बंद आणि तू तुरुंगात."

क्रस्त्योनं त्याला कॉलर धरून उठवलं आणि भिंतीला लावलं. मूठ मागे घेतली. ओग्न्याननं डोळे मिटले.

मूठ आली नाही.

"इंजिनियर." आवाज एकदम बसला होता. "रात्रभर तेच बटण दाबतोय मी डोक्यात. पट्ट्याचं असतं, आणि मध्येच प्रेसचं होतं." मूठ अजून हवेतच होती. "तूच सांग. माझा हात चुकला का रे? मला आता आठवतच नाही."

लाथा खाताना ओग्न्यानला खरं दडवणं जमलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तू पट्टाच दाबलास."

मग त्यानं सगळं सांगितलं. हँडलर, राहिलेली ओळ, मालकाचं बोलणं. तोंडातून रक्त येत होतं म्हणून दोनदा थांबावं लागलं. आता हा आपल्याला जिवंत सोडत नाही, असं त्याला वाटत होतं. क्रस्त्यो ऐकत राहिला. त्यानं कॉलर सोडली, तसा ओग्न्यान भिंतीवरून घसरत खाली बसला.

"मला सांगून काय उपयोग," क्रस्त्यो म्हणाला. "ऊठ."

इस्पितळात पेन्को उशीला टेकून बसला होता. मनगटापाशी बँडेजचा जाड गोळा होता. शेजारी आईनं आणलेली चीज भरलेली बनित्सा तशीच कागदात होती. त्यानं आधी भावाच्या सोललेल्या मुठी पाहिल्या, मग ओग्न्यानचा सुजून बंद झालेला डोळा.

"काय साहेब, तुम्हाला कुठलं मशीन लागलं?"

क्रस्त्यो खिडकीकडे वळला. ओग्न्याननं बरगडी धरत स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि त्यावर बसला.

"पेन्को," तो म्हणाला, "काल प्रेस मी सुरू केला."